झाकलेलं पीठ

लोक चटया घेऊन यायला लागले तेव्हा वहिनी भट्टीपाशी वाकलेली होती, म्हणून तिला ते उशिरा दिसलं. मला आधी दिसलं. पुढे आमचा मामेभाऊ तोमासी, खांद्यावर गुंडाळलेली चटई आणि हातात उलटी धरलेली कोंबडी. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे चर्चच्या गायनमंडळातल्या बायका, प्रत्येकीच्या काखेत काही ना काही. कुणी कसावाचे कंद आणले होते, कुणी पाण्यात कालवून प्यायच्या यंगोनाची मुळं. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. आमच्या घरासमोरच्या गवतावर त्यांनी चटया अंथरल्या, मांड्या घातल्या आणि वहिनीकडे मोठ्या प्रेमानं बघत बसले.

"वन्सं," वहिनीनं मला हळूच विचारलं, "हे विकत घ्यायला आलेत ना?"

"पानं कधी वाढताय विचारतायत," मी म्हणाले.

चूक तिचीच होती. आदल्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून तिनं सांगितलं होतं की शनिवारी माझी पावाची भट्टी सुरू होते आहे, सगळ्यांनी या, प्रार्थना करा. आमच्या गावात 'सगळ्यांनी या' याचा एकच अर्थ होतो. लग्न असो, मयत असो नाहीतर भट्टी असो, बोलावलं की हातात काहीतरी घेऊन जायचं आणि पोट भरून परत यायचं. वहिनीचं निम्मं आयुष्य हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेलेलं. तिथे पाहुणे पैसे मोजून खातात, आणि ते बघून बघून तिला वाटलं असावं की पावाला पैसे पडतात हे जगात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

पाद्रीबाबांनी लांबलचक प्रार्थना केली. तेवढ्यात बन तयार झाले. नारळाच्या दुधात बुडवून भाजलेले, वरून खरपूस आणि खालून मऊ, चिकट. पहिलं ताट गेलं, दुसरं गेलं, मग लांबट पावही गेले. सगळ्यांनी मनापासून कौतुक केलं. अशी भट्टी गावात हवीच होती, असं प्रत्येक जण म्हणाला. निघताना तोमासीनं चार बन कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या ओच्यात घेतले आणि म्हणाला, "केरेकेरे वहिनी, वाटेत खायला." त्याचं घर समोरच आहे.

दुपारी घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती इतक्या चटया झाल्या होत्या आणि पावाचा तुकडाही उरला नव्हता. माझा भाऊ इलाइतिआ त्या ढिगावर बसला. "निदान बसायची सोय झाली," तो म्हणाला. दादा फार बोलत नाही. बोलतो तेव्हा असं बोलतो.

वहिनी हसली, मग मागच्या अंगणात गेली, आणि बराच वेळ आत आली नाही.

केरेकेरे म्हणजे 'दे ना'. आमच्याकडे नात्यातल्या माणसानं तो शब्द उच्चारला की द्यायचं असतं. उद्या आपणही मागणार असतो आणि त्यानं द्यायचं असतं. वादळात छप्पर उडालं तर याच शब्दावर नवं उभं राहतं, पोरांच्या शाळेच्या पिशव्याही याच शब्दावर येतात. मला त्यात काही वाईट दिसत नाही. फक्त दुकान चालत नाही. आमच्या वडिलांनी एकदा दुकान काढलं होतं. ते गावानं महिन्याभरात खाल्लं. त्याची फळी अजून मागच्या पडवीत आहे, तिच्यावर कोंबड्या अंडी घालतात. नाक्यावर बिसेसरचं दुकान मात्र त्याच्या आजोबांपासून चाललंय. त्याचे नातेवाईक आमच्या गावात नाहीत, हेच त्याचं भांडवल.

हॉटेल नव्या मालकाकडे गेलं तेव्हा वहिनीची नोकरी गेली. नवा मॅनेजर सभ्य होता. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या बनांची तारीफ केली आणि मग सांगितलं की यापुढे पाव राजधानीहून, सुव्याहून ट्रकनं गोठवलेले येतील, इथे नुसते गरम करायचे. निरोपाच्या दिवशी त्यानं तिलाच शेवटचं एक ताट भाजायला लावलं. तिनं भाजलं. मी त्याच हॉटेलात धोबीखान्यात आहे. चादरी गोठवून आणता येत नाहीत, म्हणून माझी नोकरी टिकली.

मग ऑस्ट्रेलियाचं निघालं. तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला बायका लागतात, आणि आमच्या बायका त्यांना आवडतात, कारण आम्ही म्हाताऱ्यांशी बोलतो. एजंटनं वहिनीला पसंत केलं. चार वर्षांचा करार, एकटीनं जायचं. तिची मुलगी तिसरीत होती. आमच्या गावातून तिघी आधीच गेल्या आहेत. त्यांची घरं पक्की झाली, छपरांना निळा रंग लागला, आणि आत एकेक आजी पोरांना फोनच्या काचेवर आई दाखवत बसलेली असते. महिनाअखेरच्या शुक्रवारी दुपारी एजंटचा फोन येणार होता. हो तरी म्हणायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. तोवर भट्टीनं मूळ धरलं तर वहिनी इथे राहणार होती, नाहीतर विमानात बसणार होती. इतकं ते सरळ होतं.

उद्घाटनाच्या त्या जेवणावळीनंतर तिनं ठरवलं की गावात विकायचंच नाही. टोपली घेऊन हमरस्त्यावर बसथांब्यापाशी बसायचं. कल्पना चांगली होती. पण आमचं घर गावाच्या समुद्राकडच्या टोकाला आणि रस्ता दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रत्येक दारात कुणी चुलतसासू, कुणी मावससासरा, कुणी दिराचा व्याही. गरम पावाच्या वासाला टोपली झाकून काही उपयोग नसतो. ती पहिल्या दिवशी बसथांब्यावर पोचली तेव्हा टोपलीत दोन पाव होते. त्यातला एक तिनं बसची वाट बघणाऱ्या पाद्रीणबाईंना दिला.

"तू नाही म्हणायला शीक," मी तिला सांगितलं. आमच्यात नणंद-भावजयीचं नातं थट्टेचं असतं, काहीही बोलावं, रागवायची मुभा नसते. तेव्हा मी दादाचा सुलू गुंडाळला, पोट पुढे काढलं आणि तोमासी होऊन तिच्यापुढे उभी राहिले. "केरेकेरे वहिनीबाई, एक पाव."

"नाही," ती म्हणाली.

"पोरं उपाशी आहेत हो."

"नाही." तिचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, "बरं, एक घे. पण कुणाला सांगू नकोस."

"अगं, मी खोटा तोमासी आहे! खोट्यालाही देतेस?"

आम्ही दोघी हसून हसून चटयांच्या ढिगावर कोसळलो. पण हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "वन्सं, माझ्या तोंडातून तो शब्द निघतच नाही. निघाला तर उद्या मी कुणाच्या दारात उभी राहू?" तिचं म्हणणं खरं होतं.

पुढच्या आठवड्यात ओहोटीला आम्ही बायका खडकांवर शिंपले गोळा करायला गेलो. आमच्या खाडीचा एक तुकडा तेव्हा बंद होता. आमचे जुने प्रमुख, मोठे रातू, वारले तेव्हा त्यांच्या मानासाठी त्यावर ताबू घातला होता: पाण्यात एक काठी रोवलेली, टोकाला कापडाची पट्टी. त्या काठीच्या आतला मासा कुणी धरायचा नाही. धरला तर पोट फुगतं म्हणतात. पोट फुगो न फुगो, धरत मात्र कुणी नाही. तोमासी जाळं घेऊन कंबरभर पाण्यातून येत होता. काठीच्या आत मासे उड्या मारत होते. तो काठीपाशी आला, त्यानं त्या माशांकडे बघितलं, आणि लांबलचक वळसा घालून पलीकडे गेला. आयुष्यात कुणाच्या भरल्या ताटाला वळसा न घातलेला माणूस.

वहिनी हातातला शिंपला तसाच धरून उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "तो त्या काठीला केरेकेरे का म्हणत नाही?"

मला आधी ती चेष्टा वाटली. घरी पोचेपर्यंत कळलं की ती चेष्टा करत नाही. पावावर ताबू घालायचा. आताच्या रातूंकडे जाऊन मागायचा. पण इतकी मोठी मागणी यंगोनाच्या मुळांवर होत नाही. तिला देवमाशाचा दात लागतो. मुलगी मागायची, खून-भांडण मिटवायचं, मयताच्या घरी शोक करायचा, तेव्हा आम्ही तो दात पुढे ठेवतो. घेणाऱ्यानं तो हातात घेतला की मागणी मान्य झाली. आमच्या घरात एकच दात होता. आईच्या पलंगाखाली, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, कापडात गुंडाळलेला. आई अधूनमधून त्याला खोबरेल चोळून ठेवायची. तो तिच्या मयतासाठी होता. तो नसता तर आईला पोचवताना आम्ही रिकाम्या हातानं उभे राहिलो असतो, आणि गावानं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं असतं.

वहिनीनं दाताचं नाव काढलं नाही. काढणार तरी कशी? फक्त ताबूचं बोलली, आणि दादा म्हणाला की दात कुठून आणायचा, आणि विषय तिथे संपला. आम्ही लिंबाच्या पानांचा चहा पीत बसलो. आई कोपऱ्यात डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं झोपलीय.

थोड्या वेळानं डबा घसटल्याचा आवाज आला. आईनं तो पलंगाखालून काठीनं ओढला होता.

"आई, तो तुझ्यासाठी आहे," दादा म्हणाला.

"मग माझ्यासाठीच वापरतेय की."

"अगं, तुझ्या वेळेला आम्ही काय ठेवायचं?"

"ते तुम्ही बघा. मला काय दिसणार आहे त्यातलं?" आईनं कापड सोडलं. दात पिवळाधमक, चकाकत होता. "हिला तिकडच्या म्हाताऱ्यांचं करायला पाठवताय. का? इथली म्हातारी काय वाईट आहे?"

वहिनी उठली आणि आईच्या पायाशी जाऊन बसली. मी चहाचे पेले विसळायला बाहेर गेले, कारण मला रडू येत होतं आणि आईला रडलेलं चालत नाही.

रातू सेमेसांच्या घरी आम्ही रीतीप्रमाणे गेलो. रातू म्हणजे आमच्या गावाचे प्रमुख, वारलेल्या मोठ्या रातूंचे भाऊ. माणसं वरच्या बाजूला, आम्ही बायका दाराशी. दादानं दात दोन्ही हातांत धरून मागणी सांगितली. चार वाक्यं बोलताना त्याला घाम फुटला. पावावर ताबू, नाताळपर्यंत. म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. एक आजोबा म्हणाले, "पाव काय समुद्रात पोहतो? ताबू घालायला?" सगळे हसले. तोमासी सगळ्यात मोठ्यानं हसला.

रातू हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं. "ही मागणी कुणाची आहे?"

"माझी, रातू," वहिनी म्हणाली.

"खाडी बंद ठेवली की मासा वाढतो. पाव वाढतो का?"

वहिनीनं मान खाली घातली होती, पण आवाज स्पष्ट होता. "पीठ झाकून ठेवलं तरच फुगतं, रातू. जो येईल त्यानं झाकण उघडून बोट लावून बघितलं तर ते बसतं. मग त्याचा पाव होत नाही, आणि कुणालाच मिळत नाही."

रातूंनी विचारलं, "तुला कळतंय ना तू काय मागतेयस? तुझ्याकडे कुणी मागायचं नाही, म्हणजे तूही कुणाकडे मागायचं नाही. मासा नाही, जळण नाही, पोरीला सांभाळायला घटकाभर बाई नाही. ताबू एका बाजूनं नसतो."

"कळतंय."

"नाताळपर्यंत या गावात तू परकी."

"बरं," ती म्हणाली.

रातूंनी दात हातात घेतला. सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, खोल, सावकाश. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन आमच्या भट्टीपुढे काठी रोवली आणि तिला कापडाची पट्टी बांधली. तोमासी आपल्या ओट्यावरून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या रातूंच्या मयताला होता तसा भाव होता.

पुढचे दिवस मी वहिनीला बघत होते. नारळ काढायला नेहमी तोमासीचा भाऊ चढायचा, आता दादा चढला आणि गुडघे सोलून उतरला. ओलं जळण सरपटत तिनं एकटीनं आणलं. बायका खाडीवर निघाल्या तेव्हा कुणी तिला हाक मारली नाही. राग म्हणून नाही. हाक मारली आणि ती आली आणि तिला काही द्यावंसं वाटलं तर? म्हणून. एकदा तिचं मीठ संपलं. शेजारच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी खिडकीत दिसत होती. ती त्या खिडकीवरून पुढे बिसेसरकडे गेली आणि मीठ विकत घेऊन आली. बिसेसर म्हणाला म्हणे, "काय वहिनी, तुम्हीपण आमच्यासारख्या झालात?" तिनं घरी येऊन मला सांगितलं आणि हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. ज्या गावात ती वीस वर्षं हक्कानं वावरली त्यात ती पाहुणीसारखी चालत होती.

तिनं पहिली विक्री ठरवली तो शुक्रवार होता. एजंटचा फोनही त्याच दुपारी. मी रजा काढली. पहाटेपासून भट्टी पेटली होती, दादानं तेलाचं जुनं पिंप आडवं कापून बनवलेली. उजाडलं तेव्हा फळीवर पाव ओळीनं मांडलेले होते, पुढे बन, नारळाच्या दुधाचा वास थेट चर्चपर्यंत. वडिलांच्या दुकानाची तीच फळी. कोंबड्यांना मी हाकललं होतं. गल्ल्याला काहीतरी हवं म्हणून आईनं तिचा बिस्किटांचा डबा दिला होता. तो आता रिकामाच होता.

कुणी आलं नाही.

ऊन झाडांच्या वर आलं. लोक शेताकडे निघाले, शाळेत निघाले, आणि सगळे आमच्या घराच्या मागून, चिखलातल्या वाटेनं. एक पोरगी वासानं थबकली तर तिच्या आईनं तिला दंडाला धरून ओढलं. जसा खाडीतल्या काठीला घालतात तसा अख्खं गाव आमच्या अंगणाला वळसा घालत होतं. मला आधी कळेना. मग मी तोमासीला हाक मारली. तो त्याच्या दारात उभा राहून नुसता वास घेत होता.

"ये की रे, बन गरम आहेत."

"नको. पोट फुगेल."

"अरे, पैसे देऊन घेतलं तर नाही फुगत!"

"असं रातू म्हणाले का?"

रातू असं म्हणाले नव्हते. मागायचं नाही एवढंच ते म्हणाले होते. विकत घेता येतं की नाही याचा विचार कुणीच केला नव्हता, त्यांनीही नाही, आम्हीही नाही. बंद खाडीतला मासा काही कुणी पैसे टाकून धरत नाही. ताबू म्हणजे ताबू. विचारायला जावं तर रातू पहिल्या बसनं सुव्याला मीटिंगला गेलेले.

पाव गार झाले. वहिनीनं एकदा ते झाकले, एकदा उघडले. मग तिनं हात धुतले, एप्रन काढला, घडी करून फळीवर ठेवला. फोन हातात घेतला. आमच्याकडे रेंज फक्त चर्चजवळच्या विलायती फणसाखाली येते.

"चार वर्षं काही फार नाहीत, वन्सं," ती म्हणाली. "पोरीची वेणी तेवढी घट्ट घाला. तिला सैल आवडते, पण सुटते."

मी मान हलवली.

ती काठी ओलांडून निघाली तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून आई आली. चर्चचा पांढरा झगा, केसात फूल, हातात काठी. आमच्याच घरातून ती मागच्या दारानं निघाली होती, आणि घराला पूर्ण वळसा घालून पुढून आली होती, गिऱ्हाइकासारखी. तेवढं चालून तिला धाप लागली होती.

"गिऱ्हाईक दारात आणि दुकानदारीण निघाली कुठे?" आई म्हणाली.

वहिनी थांबली.

"एक बन दे. तो कडेचा, मऊ."

आईनं रुमालाची गाठ सोडायला घेतली. तिची बोटं वाकडी झाली आहेत, गाठ सुटेना. मी पुढे झाले तर तिनं मला डोळ्यानं दटावलं. शेवटी दातांनी सोडायला गेली आणि दात नाहीत हे आठवून स्वतःच हसली. गाठ सुटली.

"आई, तुमच्याकडून पैसे कसे घेऊ मी?" वहिनी म्हणाली.

"ताबू आहे. फुकट दिलास तर तुझंच पोट फुगेल. डबा उघड."

वहिनीनं डबा उघडला. ज्या डब्यात आईचा दात असायचा त्यात नाणी पडून खणकन वाजली. वहिनीनं बन केळीच्या पानावर ठेवून दोन्ही हातांनी आईपुढे धरला.

आई घरात गेली नाही. अंगणाच्या मधोमध, ताबूच्या काठीच्या अगदी बुडाशी तिनं मला चटई टाकायला लावली, चहा मागवला आणि सगळ्या गावाच्या नजरेसमोर बन चहात बुडवून खायला लागली. बोळक्यानं, सावकाश. एकेका दारात चेहरे आले. मागच्या वाटेनं चाललेले लोक थांबले. गाव आईच्या पोटाकडे बघत होतं.

तोमासीला राहवेना. तो अंगणाच्या कडेपर्यंत आला. "आत्या," त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "कसं वाटतंय?"

"मीठ थोडं कमी आहे," आई म्हणाली.

"तसं नाही. पोटात?"

"पोटात बन आहे."

मग तिनं उरलेला अर्धा बन हातात घेतला आणि वहिनीला हाक मारली. "ये, बस. पहाटेपासून पोटात काही नाही तुझ्या."

वहिनी जागची हलली नाही. "आई, मला मागता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"तू कुठे मागितलंस? मी देतेय." आईनं हात लांब केला. "आणि ताबू तुझ्या पावावर आहे. हा माझा आहे. मी विकत घेतलाय. माझ्या बनाचं मी काय वाटेल ते करीन."

वहिनी तिच्याजवळ चटईवर बसली, तो अर्धा बन तिनं घेतला, आणि तोंडात घालता घालता रडायला लागली. खात होती आणि रडत होती. आई तिच्या गुडघ्यावर थापटत चहा पीत होती.

तोमासीनं हे सगळं नीट बघितलं. मागणारा माणूस असला तरी तो मूर्ख नाही. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. आजवर त्यानं गावभर मागितलं, पण द्यायला त्याच्याकडे कधी काही नसायचं, आणि आमच्यात खरा मोठा माणूस देणाराच असतो. तो घरात पळाला, बायकोशी त्याची काहीतरी झटापट झाल्याचा आवाज आला, आणि तो मूठ वळून परत आला. मूठ डब्यावर उघडली. "अख्खं ताट," तो म्हणाला, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग ताट डोक्यावर धरून तो दारोदार निघाला. "घ्या! विकत घेतलाय! तोमासीकडून घ्या!" पहिल्या तीन घरांत ताट संपलं. चौथ्या घरातल्या बाईला तोमासीचं खायला मिळालं नाही याचा अपमान वाटला, आणि ती स्वतःचा रुमाल सोडत आमच्या अंगणाकडे यायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी.

फोनची आठवण मलाच झाली. वहिनीनं तो फळीवर एप्रनच्या घडीवर ठेवला होता. मी तो घेऊन फणसाखाली धावले आणि पोचते तोच तो वाजला. एजंट होता. गोड आवाजात त्यानं विचारलं की उनाइसीबाई, म्हणजे वहिनी, आहेत का, त्यांचं काय ठरलं, हो लिहू की नाही.

तिथून आमचं अंगण सरळ दिसतं. "वहिनी!" मी ओरडले. "काय सांगू?"

सगळं गाव वळून तिच्याकडे बघायला लागलं. ती चटईवरून उठलेली होती, फळीमागे उभी होती, पुढे तीन बायका रुमाल सोडत उभ्या होत्या, आणि तिच्या तोंडात आईच्या बनाचा शेवटचा घास होता. तिला बोलता येईना. तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या गावादेखत मान हलवली. डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा एकदा, आणखी जोरात.

माझ्या वहिनीला कुणाला नाही म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"तिच्या तोंडात घास आहे, साहेब," मी फोनमध्ये म्हणाले. "नाही लिहा."